कॉफीला बंदी, कोकची चांदी

अहो, तो पेला पाहिलात का? पेला कसला, बादलीच ती! ४४ औंसांची, म्हणजे सव्वा लिटरच्याही वर. वर झाकण, झाकणात स्ट्रॉ, आत खच्चून बर्फ, बर्फावर डाएट कोक, कोकमध्ये नारळाचं सिरप, त्यावर लिंबू पिळलेलं आणि लिंबावर, हात धरा हो माझा कुणीतरी, क्रीम! कोकमध्ये लिंबू आणि लिंबावर दुधाचं क्रीम! फाटत कसं नाही, हा प्रश्न माझ्या सात पिढ्यांना पडला असता. आणि सकाळी पोरांना शाळेत सोडून गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून ही बादली आत घेणाऱ्या बायका कोण? तर ज्यांना दारू वर्ज्य, तंबाखू वर्ज्य, कॉफी वर्ज्य, आणि आपला बिचारा आल्याचा चहासुद्धा वर्ज्य, त्या. देवधर्माच्या, चर्चला जाणाऱ्या, सोज्ज्वळ बायका. पेयाचं नाव? डर्टी सोडा. घ्या आता.

हे सगळं चाललंय अमेरिकेतल्या युटा राज्यात, मॉर्मन मंडळींच्या मुलखात. (त्यांच्या चर्चने २०१८ मध्ये बजावलं की आम्हाला मॉर्मन म्हणू नका, पूर्ण नाव घ्या. पण ते पूर्ण नाव घ्यायला लागले तर माझा रकाना त्यातच संपेल, तेव्हा क्षमस्व.) मी म्हटलं, इथे नक्की काहीतरी भानगड आहे. बाहेर सोवळं आणि आत ओवळं, असलं काही सापडलं की आपला आठवडा छान जातो. म्हणून मी पदर खोचून चौकशीला लागले.

आधी नियम समजून घेऊ म्हटलं. तर पहिल्याच पायरीवर पाय घसरला.

गरम कॉफी? नाही. थंड कॉफी? तीही नाही. गरम चहा? नाही. बर्फ घातलेला चहा? चहाच तो, नाही. ग्रीन टी, तब्येतीसाठी हो? एकाच झुडपाची पानं ती, नाही. बरं, मग गरम कोको? खुशाल. त्यात थोडं कॅफिन असतं ना? असू दे. पुदिन्याचा, कॅमोमाइलचा काढा? हवा तेवढा. कोक? प्या. डाएट कोक? प्या की. माउंटन ड्यू, ज्यात कोकपेक्षा कॅफिन जास्त? प्या, पण जपून. कॅफिन काढून टाकलेली कॉफी? ती मात्र बहुतेक जण टाळतात. म्हणजे कॅफिन असलेला सोडा शुद्ध आणि कॅफिन नसलेली कॉफी अशुद्ध! आणि तिरामिसू? त्या केकला कॉफीचा हात लागलेला असतो. तिथे एकाच घरात दोन पक्ष निघतात आणि रविवारचं जेवण रंगतं.

हिशेबाची सवय वाईट असते. कॉफीच्या नेहमीच्या कपात कॅफिन साधारण ९५ मिलिग्रॅम. डाएट कोकच्या १२ औंसांच्या डब्यात ४६. आता ती ४४ औंसांची बादली डाएट कोकने काठोकाठ भरली तर आकडा दीडशेच्या पुढे जातो. अर्धी बादली बर्फाची धरली तरी आपण कॉफीच्या कपाच्या अंगणात पोचतोच. आणि डाएटऐवजी साधा कोक घेतला, तर बर्फाविना १४० ग्रॅमच्या आसपास साखर, सिरप वेगळंच. एवढं सगळं पिऊन बाई स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरते. मेली कॉफीच घेतली असती तर निदान शांत तरी बसली असती, असं तोंडापर्यंत आलं होतं माझ्या.

पण भानगडीचं मूळ शोधायचं तर जावं लागतं ओहायोतल्या कर्टलंड गावात, १८३३ सालात. आणि इथे खरा मसाला आहे, नीट ऐका.

पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ तेव्हा व्हिटनी नावाच्या दुकानदाराच्या दुकानात वरच्या मजल्यावर पुरुषांची शाळा भरवत. ‘प्रेषितांची शाळा’ असं भारदस्त नाव. प्रेषित येत, बसत, आधी चिलमी शिलगावत, मग तंबाखूचा बार भरत, मग थुंकत. कुठे? जमिनीवर. धुराने समोरचा माणूस दिसेना. आणि ती जमीन घासायची कुणी? जोसेफची बायको एमा हिने. ही हकिगत ब्रिघम यंग या थोरल्या पुढाऱ्याने १८६८ मध्ये स्वतः सांगितली आहे. एमाने कुरकुर केली, जोसेफने देवाला विचारलं, आणि २७ फेब्रुवारी १८३३ रोजी साक्षात्कार झाला. त्याचं नाव ‘वर्ड ऑफ विज्डम’, म्हणजे शहाणपणाचं वचन. तंबाखू माणसाच्या पोटासाठी नाही. लागलं-खरचटलं तर लावावा, नाहीतर आजारी गुरांना द्यावा. वा एमाबाई! देवाकडून लादी स्वच्छ करून घेणारी बाई मी पहिलीच पाहिली.

थांबा, अजून आहे. डेव्हिड व्हिटमर नावाचा एक जुना साथीदार, पुढे पंथातून बाहेर पडलेला, म्हातारपणी वेगळीच पुडी सोडून गेला. त्याच्या सांगण्यानुसार एमा उपरोधाने म्हणाली की तंबाखू पाप आहे असा एखादा साक्षात्कार झाला तर बरं होईल; तेव्हा पुरुषांपैकी कुणीतरी फणकाऱ्याने म्हणाला की मग त्यात चहाकॉफीही घाला. कारण? चहाकॉफीची तलफ बायकांची! आमच्या तंबाखूवर येता काय, मग तुमची किटलीही जाईल. पंथ सोडलेल्या माणसाची साक्ष किती धरायची हे ज्याचं त्याने ठरवावं, पण मला ती शंभर टक्के पटते. कारण घराघरातलं राजकारण असंच चालतं. आणि गंमत पाहा: पुरुषांचा तंबाखू जगाच्या आठवणीतून गेला, मॉर्मन म्हटलं की आज आठवते ती न प्यायलेली कॉफी. टोमणा टिकला, लादी विसरली गेली.

मूळ वचनात ‘कॉफी’ हा शब्द नाहीच. आहे ते ‘गरम पेयं’. मग गरम म्हणजे काय, गरम सूप का चालतं, असं विचारणाऱ्यांसाठी जोसेफचा भाऊ हायरम याने १८४२ मध्ये खुलासा केला की गरम पेयं म्हणजे चहा आणि कॉफी. झालं. तेव्हापासून ‘गरम’ या शब्दाचा गरमपणाशी काही संबंध उरला नाही. बरं, वचनाच्या सुरुवातीलाच म्हटलंय की ही आज्ञा नाही, सक्ती नाही. आणि मंडळींनीही ते मनावर घेतलं, म्हणजे सक्ती नाही हे मनावर घेतलं. १८४५ मध्ये नावू गावातून पश्चिमेकडे निघायची तयारी झाली, तेव्हा प्रत्येक कुटुंबाने बैलगाडीत काय भरावं याची यादी त्यांच्याच वर्तमानपत्रात छापून आली. तीत एक पौंड चहा आणि पाच पौंड कॉफी! वाळवंट ओलांडायचं तर कॉफी हवीच, नाही का? ब्रिघम यंग स्वतः तंबाखूच्या सवयीशी वर्षानुवर्षं झटापट करत होते. म्हणजे ज्याला आपण दगडावरची रेघ समजतो, ती सुरुवातीला वाळूवर काठीने ओढलेली होती.

दगड झाला तो पुढे हीबर ग्रँट यांच्या काळात. १९१८ पासून १९४५ पर्यंत चर्चचे अध्यक्ष. कडक माणूस. १९२१ च्या सुमारास त्यांनी नियम पक्का केला: वचन पाळत नसाल तर मंदिरात प्रवेश नाही. देशभरात दारूबंदी होती, तिचे हे मोठे कैवारी. आणि दैवाचा विनोद बघा, १९३३ च्या डिसेंबरात दारूबंदी उठवायला जे छत्तिसावं राज्य लागत होतं, ते ठरलं युटा! ग्रँटसाहेबांच्या घरच्याच मतदारांनी अख्ख्या अमेरिकेच्या बाटलीचं बूच काढलं. त्या रात्री त्यांच्या घरी जेवण झालं असेल का, देव जाणे.

कॅफिन या साऱ्यात घुसलं कुठून, असं विचाराल. कॅफिन बिचारं उशिरा आलेलं पाहुणं आहे. वचनात त्याचं नावही नव्हतं. विसाव्या शतकात शिकलेल्या मंडळींना वाटायला लागलं की देवाने सांगितलं म्हणजे त्यामागे शास्त्र असणारच. जॉन विड्सो म्हणून एक रसायनशास्त्रज्ञ होते, चर्चच्या बारा प्रेषितांपैकी एक. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी लीआ यांनी १९३७ मध्ये या वचनावर पुस्तक लिहिलं आणि कॅफिनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. आता आरोपी कॅफिन म्हटलं की कोकही गुन्हेगार. त्याआधी ग्रँटसाहेब कोकाकोलावर घसरले होतेच. १९२४ मध्ये कंपनीची माणसं येऊन भेटून गेली आणि साहेबांचा सूर मवाळ झाला. काय बोलणं झालं असेल ते ऐकायला मी भिंतीवरची पाल व्हायला तयार होते. मग १९७२ मध्ये चर्चने अशी काही भाषा वापरली की वकिलाने हात जोडावेत: कोलावर आमची अधिकृत भूमिका कधीच नव्हती, पण सवय लावणारी घातक द्रव्यं असलेली पेयं टाळा, असा आमचा सल्ला आहे. म्हणजे? म्हणजे तुमचं तुम्ही बघा, आणि बघितल्यावर मनात थोडं टोचत राहू द्या.

असं ते टोचत राहिलं चाळीस वर्षं. घराघरांत दोन जाती पडल्या: कोक पिणारे आणि कोक पिणाऱ्यांकडे बघणारे. फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात डबे, चर्चमधलं कुणी आलं की पुढे दुधाच्या बाटल्या.

मग उजाडलं २०१२. मिट रॉमनी हे मॉर्मन गृहस्थ अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि सगळ्या देशाला यांच्या स्वयंपाकघरात डोकावायचं कारण मिळालं. टीव्हीवर सांगितलं गेलं की मॉर्मन कॅफिन घेत नाहीत. चर्चने ऑगस्ट संपता संपता खुलासा छापला: आम्ही कॅफिनला बंदी घातलेली नाही. मग भाषा आणखी सावध केली: वचनातली गरम पेयं म्हणजे चहा आणि कॉफी, त्यापलीकडे काही नाही. बस्स! तीन पिढ्यांनी लपवलेले डबे एका खुलाशाने फ्रिजच्या पुढच्या फळीवर आले. त्या दिवशी किती सासवांची तोंडं पाहण्यासारखी झाली असतील!

पण प्रोव्हो शहरातलं ब्रिघम यंग विद्यापीठ, त्यांचं स्वतःचं, तिथे मात्र आवारात कॅफिनवाला सोडा मिळेना. विद्यापीठाचं म्हणणं, मागणीच नाही हो. हजारो विशीतली पोरं, परीक्षेचे दिवस, आणि कॅफिनला मागणी नाही! एवढं निरागस वाक्य मी लग्नाच्या स्थळांच्या जाहिरातींतही वाचलेलं नाही. अखेर २०१७ च्या सप्टेंबरात घोषणा झाली, कोक आला, आणि बातम्या अशा छापून आल्या जणू तटबंदी पडली.

आता वळू आपल्या बादलीकडे. २०१० मध्ये सेंट जॉर्ज गावात निकोल टॅनर या बाईंनी ‘स्विग’ नावाचं छोटंसं दुकान काढलं. सोड्यात सिरप, क्रीम, लिंबू. गाडीतून न उतरता घ्या आणि निघा. सोबत गुलाबी आयसिंगचं साखरेचं बिस्किट. बघता बघता युटात चौकाचौकात अशी दुकानं. ‘सोडालिशस’ आलं, ‘फिझ’ आलं. आणि मग, बाई गं, कोर्टकचेरी! २०१५ मध्ये स्विगने सोडालिशसवर दावा ठोकला की ‘डर्टी’ हे विशेषण आमचं. दारू-तंबाखूपासून चार हात दूर राहणाऱ्या भाविकांचं गाव, आणि न्यायालयात भांडण कशाचं, तर ‘घाणेरडं’ कुणी म्हणायचं याचं. पुढे दोघांनी आपसात मिटवलं, पण मी ते वाचताना इतकी हसले की मांजर उठून गेलं. २०२२ मध्ये युटातल्या लॅरी मिलर कंपनीने स्विगचा मोठा वाटा विकत घेतला. म्हणजे हे आता बायकांचं खूळ राहिलेलं नाही, धंदा आहे.

आणि २०२४ मध्ये ‘द सीक्रेट लाइव्ह्ज ऑफ मॉर्मन वाइव्ह्ज’ ही टीव्ही मालिका आली. त्यात काय नाही विचारा. घटस्फोट आहेत, नवऱ्यांच्या भानगडी आहेत, मैत्रिणींची उणीदुणी आहेत, ओठ फुगवलेले आहेत. आणि हातात ती बादली. संसार मोडला तरी बादली सुटली नाही हो! अर्थात त्यांच्याकडे बघून सगळ्या मॉर्मन बायकांबद्दल मत करून घ्याल तर चुकाल. बऱ्याच जणींनी त्या मालिकेकडे पाहून कपाळाला हात लावलाय. पण बादली मात्र दोन्हीकडे सारखीच.

आता मला सांगा, मी भानगड शोधायला निघाले होते, आणि भानगड हीच की भानगडच नाही. नियम मोडतंय कोण? कुणीच नाही. सगळं कायद्यात बसतं. त्याच वचनात मांस बेताने खावं, थंडीत किंवा दुष्काळातच खावं, असंही आहे. पण मंदिराच्या परवान्याच्या मुलाखतीत त्यावर प्रश्न नसतो, तेव्हा उन्हाळ्यातही बार्बेक्यूचा धूर निघतो. प्रश्न विचारला जातो तो वचन पाळता का एवढाच, आणि त्याचा व्यवहारातला अर्थ दारू, तंबाखू, चहा, कॉफी.

ही मुलाखत मात्र चेष्टेची गोष्ट नाही. दर दोन वर्षांनी, आधी स्थानिक बिशपांच्या कार्यालयात, मग वरच्या अधिकाऱ्यांपुढे. होकार मिळाला तर मंदिरात जाण्याचा परवाना, नाहीतर नाही. आणि यांची पवित्र लग्नं मंदिरात आतच लागतात. म्हणजे सकाळी कपभर कॉफी घेणारी आई पोटच्या पोरीच्या त्या लग्नाला आत जाऊ शकत नाही. ती बाहेर बागेत बसते, फोटोला उभी राहते. पूर्वी तर अमेरिकेत आधी साधं लग्न केलं तर मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागे. २०१९ मध्ये ती अट काढली, तेव्हा आता सगळ्या नातलगांसमोर एक लग्न आणि मग आत विधी असं जमतं. पण तोवर किती आया बाहेर बसल्या असतील! इथे माझ्या जिभेचा पट्टा जरा थांबतो.

पेयाचं निमित्त, मामला पंगतीचा. हे आम्हा पुणेकरांना कुणी शिकवायला नको. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये पुण्यातली बडी मंडळी व्याख्यानाला गेली, रानडे होते, टिळक होते. मिशनने चहाबिस्किटं पुढे केली. गोपाळराव जोशी या इरसाल गृहस्थाने नावांची यादी वर्तमानपत्रात छापवली आणि शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली. चहात कॅफिन किती, हे तिथेही कुणी मोजलं नाही. कुणाच्या हातचा, हा सवाल होता. आणि त्याच्याही चाळीसेक वर्षं आधी मॉर्मन मिशनरी आपल्याकडे येऊन गेलेत बरं! ह्यू फिंडले नावाचा माणूस १८५२ मध्ये मुंबईत उतरला, पुढे पुण्यातही त्याने धर्मप्रचार केला. पुण्यात तेव्हा घरोघरी चहाचं आधण नव्हतंच, आणि त्यांच्याकडेही अजून सक्ती नव्हती. दोघांनाही सोडण्यासारखं काही नव्हतं. पुढे त्या मंडळींनी गाशा गुंडाळला.

आता मात्र यांचं मंदिर बंगळूरला व्हायचं ठरलं. २०१८ मध्ये घोषणा झाली, २०२० च्या डिसेंबरात भूमिपूजन. जागा शोधली तीही फिल्टर कॉफीच्या गावात! भारतात मॉर्मन होणं म्हणजे पाव अमेरिकेशी आणि बारा आणे चहाशी भांडण. इथे पाहुण्याला चहा नको म्हणणं म्हणजे घरच्या बाईचा अपमान. तुमच्या दारी पांढरा सदरा, टाय आणि छातीवर नावाची पट्टी लावलेली दोन तरणी पोरं आली, तर आग्रह करू नका, बिचाऱ्यांची पंचाईत होते. कोकम सरबत द्या, पन्हं द्या. गवती चहाची पात, आलं आणि तुळस उकळून दिलीत तरी चालेल. चहाची पूड तेवढी टाकू नका. अर्जेंटिना-उरुग्वेकडचे मॉर्मन तर येर्बा माते नावाचा पाल्याचा काढा पितात, गरमागरम, चांगला कॅफिनवाला. झुडूप वेगळं, म्हणून वाद नाही.

युटात पूर्वी कॉफीची हौस भागवायला पोस्टम असायचं, भाजलेल्या गव्हाच्या कोंड्याचं आणि काकवीचं. २००७ मध्ये कंपनीने ते बंद केलं तेव्हा लोकांनी हळहळ केली, मग एका छोट्या कंपनीने ते परत आणलं. पण नव्या पोरींना पोस्टम म्हणजे आजीचं कपाट. २०१९ मध्ये चर्चच्या तरुणांच्या मासिकाला लिहावं लागलं की ज्या पेयाच्या नावाच्या शेवटी ‘चिनो’ येतं त्यात बहुधा कॉफी असते, तेव्हा सांभाळा. म्हणजे कुणीतरी ‘मला नव्हतं हो माहीत’ असं म्हणून फ्रापुचिनो ढोसत होतंच की! हे मला आवडलं. एवढा तरी चोरटेपणा हवा.

नाहीतर सगळा कारभारच राजरोस. धंदेवाईकांनाही त्याचा वास लागायचा राहतोय थोडाच? कॉफीत घालायच्या क्रीमचा नेस्लेचा ब्रँड आहे, कॉफी-मेट. २०२४ मध्ये त्याने डॉक्टर पेपरशी हातमिळवणी करून खास डर्टी सोड्यासाठी नारळ-लिंबाच्या चवीचं क्रीम बाजारात आणलं. कॉफीला उंबरठ्याच्या आत घेतलं नाही मॉर्मन मंडळींनी, पण तिची मैत्रीण बघा कशी फ्रिजच्या दारात, दुधाशेजारी, उघड्यावर उभी आहे.